पायातलं कडं आणि मुंबईचा पत्ता

आपल्याकडे रिंगिंग झालेला, म्हणजे खुणेचं कडं घातलेला पक्षी कुणाच्या हाती लागला, तर त्याच्या पायातल्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर दोनच गोष्टी सापडतात. एक क्रमांक, आणि 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी' ही ओळ. रस्ता नाही, पेठ नाही, पिन कोड नाही. 1995 मध्ये शहराचं नाव मुंबई झालं, पण संस्थेनं आपलं नाव राखलं, म्हणून कड्यावर अजून बॉम्बेच आहे.

माझी सगळी नोकरी रेल्वे टपाल सेवेत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आरएमएसमध्ये, सॉर्टर म्हणून झाली. रात्रीच्या गाडीत, हलत्या डब्यात, खणांच्या मांडणीसमोर उभं राहून दुसऱ्यांची पत्रं लावायची. अपुरा पत्ता दिसला की हात थबकतो, तो निवृत्तीनंतरही थबकतोच. त्यामुळे पक्ष्यांच्या या व्यवहारात मला पंखांच्या आधी पत्त्याचं कुतूहल वाटलं. पक्ष्याच्या पायात चिठ्ठी अडकवून सोडून द्यायची. ती कुठल्या देशात उघडली जाईल, वाचणाऱ्याला ती लिपी येत असेल का, तो टपालाचा खर्च करील का, यातलं काहीच ठाऊक नसतं. एवढा भरवसा आमच्या खात्यानंही कधी कुणावर टाकला नाही. तरीही सायबेरियातून मुंबईला उत्तरं आली.

ही उत्तरं लिहिणारे कोण, आणि मुळात हा पक्षी हातात धरून देणारे कोण, एवढाच प्रश्न घेऊन मी स्थलांतराच्या अभ्यासाचा इतिहास वाचत गेलो. जे सापडलं ते पक्षिप्रेमींना फारसं आवडणारं नाही. दोन्ही टोकांना शिकारी आहेत. पक्षी धरण्याची विद्या खाण्यासाठी पक्षी धरणाऱ्यांची, आणि कडं परत आलं ते बहुतेक वेळा बंदूक किंवा जाळं बाळगणाऱ्यांकडून. शास्त्रज्ञानं मध्ये येऊन एकच गोष्ट बदलली: पक्षी हातात आल्यावर त्याचं पुढे काय करायचं ते.

सुरुवात मात्र एका शाळामास्तरानं केली. डेन्मार्कमधल्या व्हिबॉर्ग गावचे हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन. 1890 मध्ये त्यांनी जस्ताची कडी करून पाहिली, ती जड झाली. मग 1899 मध्ये ॲल्युमिनियमची कडी करून त्यांवर क्रमांक आणि गावाचं नाव कोरलं, आणि 165 स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत घालून ते सोडून दिले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या मैनेचा युरोपातला भाऊबंद. मास्तरांनी घरट्यांसाठी पेट्या लावल्या होत्या. पक्षी आत शिरला की दार आपोआप बंद व्हायचं. पुढे मास्तर फॅनो बेटावर गेले. तिथं बदकं धरून विकण्यासाठी बांधलेली तळी होती. बाजारात जायची बदकं कडं घालून आकाशात गेली, आणि त्यांची उत्तरं भराभर येऊ लागली. कारण साधं होतं. स्टार्लिंगवर गोळी कोण फुकट घालवणार? बदक मात्र युरोपभर मारलं जात होतं. जितक्या बंदुका, तितका पत्रव्यवहार.

जगातलं पहिलं पक्षिस्थलांतर केंद्र 1901 मध्ये रॉसिटेनला उघडलं. बाल्टिक समुद्रात वाळूची एक लांबच लांब चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावरचं हे गाव. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज रशियात आहे आणि रिबाची म्हणून ओळखलं जातं. वसंतात पाण्यावरून जाणं टाळणारे पक्षी या पट्टीवरून ओळीनं उत्तरेकडे सरकतात, शरदात परत येतात. त्यांत कावळे फार. तिथल्या कोळ्यांचा जोडधंदा कावळे धरण्याचा होता. जाळ्यात सापडलेला कावळा ते डोक्याचा चावा घेऊन मारायचे आणि मीठ लावून पिंपात भरून ठेवायचे. केंद्राचे प्रमुख योहानेस थीनेमान यांनी या लोकांना उपदेश केला नाही. त्यांच्याकडून जिवंत कावळे विकत घेतले, 1903 पासून कडी घातली आणि सोडले. यावर जर्मनीत गहजब झाला. कड्यांच्या हव्यासानं लोक जास्तच पक्षी मारतील, अशी ओरड झाली. पण कावळ्यांच्या वाटा नकाशावर उमटल्या त्या याच खरेदीतून.

हेलिगोलँडची गोष्ट अशीच, पण आपल्याशी थेट जोडलेली. उत्तर समुद्रातलं तांबड्या खडकाचं हे एवढंसं बेट 1807 मध्ये इंग्रजांनी घेतलं, आणि 1890 मध्ये झांझिबारच्या करारात जर्मनीला देऊन टाकलं. रात्रभर समुद्रावरून उडणाऱ्या पक्ष्यांना पहाटे उतरायला तेवढीच जमीन. वर माथ्यावर झाडं जवळजवळ नाहीत. हे ओळखून बेटावरच्या लोकांनी वाळक्या फांद्यांची झुडपं उभी केली होती, मागच्या बाजूला जाळं. थकलेले कस्तूर पक्षी आडोसा म्हणून आत शिरायचे, आणि संध्याकाळी त्यांचं सूप व्हायचं. 1837 मध्ये हाइनरिश गेट्के नावाचा चित्रकार इथं आला तो राहिलाच. सरकारी सचिवाचं काम सांभाळून त्यानं सुमारे पन्नास वर्षं बेटावर उतरणाऱ्या पक्ष्यांची रोज नोंद ठेवली, आणि 1891 मध्ये ग्रंथ छापला. त्याला पक्षी आणून द्यायचे तेही तिथलेच बंदूकवाले.

1910 मध्ये हुगो वायगोल्ड यांच्या हाताखाली तिथं रीतसर केंद्र सुरू झालं. वायगोल्ड आणि त्यांच्यामागून आलेले रुडोल्फ ड्रोस्ट यांनी त्या सुपाच्या झुडपाचाच विस्तार केला. झुडपांची बाग लावली, तिच्यावर जाळीचं भलंमोठं नरसाळं घातलं, ते निमुळतं होत शेवटी एका पेटीत संपेल असं केलं. माणसानं एका टोकाकडून हलके हलके चालत यायचं, पक्षी पुढे सरकत पेटीत जातात. या सापळ्याला आज जगभर हेलिगोलँड ट्रॅप म्हणतात. 1933 मध्ये वेल्सच्या स्कोखोम बेटावर रोनाल्ड लॉकली यांनी ब्रिटनमधलं पहिलं पक्षिकेंद्र काढलं, तेव्हा तिथंही तोच उभा राहिला. कझाकस्तानातल्या चोकपाक खिंडीत 1966 पासून मांडलेले अजस्र सापळे याच घराण्यातले. आपल्याकडे पळस-पांगारा फुलताना झुंडीनं दिसणाऱ्या भोरड्या वसंतात त्याच भागांतून मायदेशी जातात. हेलिगोलँडची मात्र वाताहत झाली. 18 एप्रिल 1945 रोजी सुमारे हजार विमानांनी त्याच्यावर बाँब टाकले. बरोबर दोन वर्षांनी, 1947 च्या त्याच तारखेला, इंग्रजांनी तिथलं लष्करी भुयारी कोठार हजारो टन दारूगोळा लावून उडवलं. दोन्ही वेळा पक्ष्यांचा परतीचा हंगाम ऐन भरात होता. 1952 मध्ये बेट जर्मनीला परत मिळालं आणि बाग पुन्हा लागली.

या दोन केंद्रांच्या मधल्या काळात कड्याची कल्पना इंग्लंडला पोचली. हॅरी विदरबी यांनी 1909 मध्ये तिथली योजना सुरू केली. कड्यावर पत्ता होता त्यांच्या छापखान्याचा: विदरबी, हाय होबर्न, लंडन. 6 मे 1911 रोजी स्टॅफर्डशरमध्ये जॉन मेसफील्ड यांनी घराच्या पोर्चमधल्या एका भिंगरीला कडं घातलं. डिसेंबर 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरात ती सापडली. तिथल्या एका हॉटेलमालकानं लंडनला पत्र लिहून कळवलं. इंग्लंडच्या भिंगऱ्या हिवाळ्यात कुठं जातात, या शेकडो वर्षांच्या वादाचा निकाल एका पत्रानं लागला. त्या पत्राची पिशवी ज्यानं बोटीवर चढवली त्या नाताळी सॉर्टरला याची गंधवार्ताही नसेल. धंद्याच्या नात्यानं मला त्याचीच आठवण आधी येते.

आता मुंबई. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1883 मध्ये आठ जणांनी स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. बाकीचे इंग्रज, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा निसर्गाशी परिचय बंदुकीच्या नळीतून झालेला. सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळले तर पानोपानी शिकारीच्या नोंदी. तेव्हा पहिली कडी शिकारखान्यात पडली, यात नवल नाही. 1926-27 च्या सुमारास धार संस्थानात बदकं धरून त्यांना सोसायटीची कडी घालायला सुरुवात झाली. धारचे पवार म्हणजे अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावलेलं मराठा घराणं. तलाव होते, बदकं होती, ती धरू शकणारी माणसं पदरी होती. त्या कड्यांची उत्तरं पुढे मध्य आशिया आणि सायबेरियाच्या बाजूनं आली. बदक हिमालयापलीकडून येतं हे शिकाऱ्यांना अंदाजानं ठाऊक होतं. आता त्याला तारीख, ठिकाण आणि सही मिळाली.

पक्षितज्ज्ञ सलीम अली त्या सुमाराला मुंबईच्या संग्रहालयात नोकरीला होते. 1929 मध्ये ते बर्लिनला पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले, आणि त्या मुक्कामात हेलिगोलँडला जाऊन त्यांनी रिंगिंगचा अनुभव घेतला. सुपाच्या झुडपातून निघालेली विद्या अशी मुंबईतल्या खेतवाडीत वाढलेल्या माणसाच्या हाती आली. पण परतल्यावर तिला पैसा मिळायला तीस वर्षं लागली, आणि तो मिळाला माकडांच्या मृत्यूमुळे.

1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, मागोमाग माणसं तापानं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं शोधलेला विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी नातं सांगणारा निघाला. तो गोचिडींतून पसरतो. मग शंका आली: या गोचिडी सायबेरियातून पक्ष्यांच्या अंगावर तर आल्या नसतील? जागतिक आरोग्य संघटनेनं 1959 मध्ये सोसायटीला पक्षिस्थलांतराच्या अभ्यासासाठी मदत दिली. पुढे पक्ष्यांवरचा तो आरोप काही सिद्ध झाला नाही, पण आरोपाच्या पैशातून हजारो पक्ष्यांना कडी पडली. साठच्या दशकात पैसा अमेरिकी लष्कराकडूनही आला. बँकॉकहून इलियट मॅक्लूअर हे आशियाभरच्या रिंगिंगचं काम पाहत आणि आपली सोसायटी त्यात सामील होती. सत्तरच्या दशकात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. जंतुयुद्धाची तयारी म्हणून पक्षी वापरले जातात की काय, असा संशय होता. सलीम अलींना म्हातारपणी खुलासे देत बसावं लागलं.

रिंगिंगची मुख्य छावणी राजस्थानातल्या भरतपूरला, तिथल्या पाणथळीवर. तिथं महाराजांच्या शिकारींचे आकडे दगडी फलकांवर कोरलेले आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एका शिकारीत 4,273 पक्षी पडले. त्याच पाण्यावर पुढे सलीम अलींची माणसं पक्षी धरू लागली. ही माणसं बिहारचे मीरशिकार. पिढ्यान्पिढ्या पक्षी धरून विकणारी जमात. दोरी ओढली की मिटणारं जाळं, बारीक फाशांची ओळ, झाडाचा चीक लावलेल्या एकात एक बसणाऱ्या बांबूच्या काड्या, आणि तोंडानं हुबेहूब काढलेली साद. यांतली कुठलीच गोष्ट प्राणिशास्त्राच्या पदवीत शिकवत नाहीत. त्यांच्यातले अली हुसेन यांचं नाव पक्षी अभ्यासकांत आजही आदरानं घेतात. मीरशिकारांचा लौकिक एवढा, की पाय न दुखावता, पीस न मोडता हवा तो पक्षी हवा तेव्हा हातात देतील. बाजारात मेलेल्या पक्ष्यापेक्षा जिवंताला जास्त भाव मिळतो. त्यांचा हलका हात त्या भावानंच घडवला होता.

त्याच सुमाराला परदेशातून आणखी एक शिकारी वस्तू आली: मिस्ट नेट, म्हणजे धुक्यासारखं न दिसणारं जाळं. ते जपानी पारध्यांचं. पूर्वी रेशमाचं असे आणि त्यात धरलेले कस्तूर भाजून खात. महायुद्धानंतर जपानात असलेल्या ऑलिव्हर ऑस्टिन या अमेरिकी पक्षितज्ज्ञानं ते शास्त्रज्ञांच्या नजरेला आणलं, आणि आज नायलॉनच्या त्याच जाळ्याशिवाय कुठल्याही केंद्राचं पान हलत नाही.

ही सगळी विद्या एका जागी काम करताना मी पाहिली ती तामिळनाडूत कोडीकराईला. नागपट्टणम जिल्ह्यात, जिथं किनारा काटकोनात वळतो आणि बंगालच्या उपसागराला पाल्कची सामुद्रधुनी भेटते, तिथलं हे टोक. मागे वेदारण्यमची खारी दलदल आणि मिठागरं. 1930 मध्ये राजाजींनी मिठाचा सत्याग्रह केला तो याच वेदारण्यमला. ऐंशीच्या दशकात सोसायटीचं स्थलांतराचं मोठं काम इथं चालू होतं. ओळखीच्या एका पक्षी अभ्यासकानं, तुमचं अक्षर चांगलं आहे, चला, म्हणून मला रजा काढायला लावली. मार्च सरत आला होता, चैत्र लागायचा होता. मला काम मिळालं नोंदवहीचं.

हिवाळ्यात आलेले पक्षी सगळेच टिपतात, पण खरी गंमत परतीच्या हंगामाची. या दिवसांत पक्षी खा-खा खातो आणि अंगावर चरबी चढवतो. जाळी अमावास्येच्या आगेमागे, मिठागराच्या उथळ पाण्यावर, बांबूला ताणून लावलेली. चांदणं असलं की जाळं दिसतं, म्हणून काळोख हवा. बारा मीटर लांब जाळं, आडव्या दोऱ्यांनी त्याला चार खिसे पडलेले. पक्षी धडकतो आणि खिशात घसरतो. दर थोड्या वेळानं विजेरी घेऊन फेरी मारायची. जास्त वेळ लटकला तर पक्षी दमतो, पाणी चढलं तर बुडतो.

एका वयस्क मीरशिकाराला सगळे चाचा म्हणत. मी जाळ्याकडे टक लावून उभा होतो तेव्हा ते मला म्हणाले, "बाबूजी, जाल मत देखिए, हवा देखिए." वारा फिरला होता आणि जाळं फुगून एका बाजूला गेलं होतं. ते ताणून घेतल्यावर पुढच्याच फेरीत तीन-चार पक्षी लटकलेले मिळाले. चाचांनी एक काढला तो मी विजेरी धरून पाहिला. आधी पक्षी कुठल्या बाजूनं शिरला ते बघितलं. मग पाय मोकळे केले, मग पोट, मग पंखाच्या सांध्यावरचा धागा नखानं सरकवला, शेवटी डोकं. पाठ तळहातात, मान पहिल्या दोन बोटांच्या मध्ये. दाब कुठंच नाही. पक्षी सुती थैलीत गेला, थैलीची नाडी ओढली.

तो बाकचोच तुतारी होता. चोच टोकाला वाकलेली, हिवाळ्यात राखाडी असणारी छाती आता विटकरी होऊ लागलेली, मधून मधून एकेक तांबडं पीस. हा पक्षी अंडी घालतो सायबेरियाच्या उत्तर टोकाला, टायमिरच्या बाजूला. टेबलावर कंदील. एकानं पायाची जाडी मोजून कड्याचा आकार ठरवला. कडं आधी उघडं असतं, इंग्रजी सी अक्षरासारखं. ते पायावर बसवून पक्कडीनं मिटलं. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, नाहीतर फटीत गवत किंवा धागा अडकतो. मग क्रमांक मोठ्यानं वाचला गेला, मी लिहिला, आणि परत मोठ्यानं म्हणून दाखवला. हा नियम आमच्या रजिस्टर टपालासारखाच कडक. पंखाची लांबी, चोचीची लांबी, पिसं कुठवर बदलली. मग छातीवर हलकी फुंकर मारून पिसं बाजूला केली. गळ्याखालच्या खळग्यात, पातळ कातडीआड, पिवळीधमक चरबी काठोकाठ. एरवी पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरणारा पक्षी स्प्रिंगच्या काट्यावर सत्तरीपार गेला. ते वीस ग्रॅम म्हणजे पुढचे हजारो किलोमीटर. उजाडायच्या आत तो मोकळा झाला.

दिवसा मोजणी. दुर्बीण घेऊन बांधावर बसायचं. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, दहांचा तुकडा डोळ्यांत बसवायचा आणि तो थव्यावर ठेवत पुढे जायचं. सूर्य कलला की काही थव्यांमध्ये चुळबुळ सुरू होते. चरणं थांबतं, ओरडा वाढतो, एक घोळका उठतो, खाली येतो, पुन्हा उठतो. मग एकदा उठलेला घोळका उतरत नाही. चढत चढत रांग धरतो आणि उत्तरेकडे जातो. वेळ, वारा, ढग, आकडा, दिशा, एवढं लिहायचं. हे कोरडं वाटतं, पण गेट्केनं पन्नास वर्षं हेच केलं, आणि आजही जगातल्या प्रत्येक केंद्रावर वसंतात हेच चालतं. कडं एका पक्ष्याची हकिकत सांगतं, आकडा सगळ्या जमावाची. एकावाचून दुसरं लंगडं.

मिठागरावर अडचण एकच. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं. काही वर्षांनी पुन्हा हाती लागलेल्या पक्ष्याच्या कड्यावरची अक्षरं पुसट होतात. म्हणून अशा पक्ष्यांना टणक मिश्रधातूची किंवा पोलादाची कडी घालायची रीत पडली. अक्षर पुसलं की टपाल बेवारस, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

उत्तरांचं काय झालं? ती कधीच मुबलक नव्हती. शेकडो कड्यांमागे एखादं. त्यातही बदकांची जास्त, किनाऱ्यावरच्या चिमुकल्या पक्ष्यांची अगदी थोडी, कारण त्यांना कोण मारणार. सोव्हिएत काळात 'मॉस्क्वा' छापलेली कडी आपल्या शिकाऱ्यांना सापडायची आणि आपली कडी तिकडच्या शिकाऱ्यांना. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन देशांतले अनोळखी बंदूकवाले एकमेकांच्या पक्षितज्ज्ञांना पत्रं लिहीत होते. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याचा एक परिणाम पक्षिप्रेमी बोलून दाखवत नाहीत. पूर्वी बदक मारणारा अभिमानानं कडं पाठवायचा. आता चोरून मारणारा ते पहिल्यांदा फेकून देतो. पुरावा कोण टपालात टाकील?

त्या जागी आता कॅमेरा आला. पक्ष्यांच्या पायांना रंगीत पट्ट्या, हंसांच्या गळ्यांत क्रमांकाच्या कॉलर. मंगोलियात कॉलर घातलेले पट्टकादंब हंस विदर्भ आणि कर्नाटकातल्या तलावांवर छायाचित्रकारांनी वाचले आहेत. 2022 मध्ये सोसायटीनं ठाणे खाडीत लहान रोहित पक्ष्यांच्या अंगावर सौरऊर्जेवर चालणारी यंत्रं बसवली. त्यांना कुणाच्या उत्तराची वाट पाहायची नाही, ती स्वतःच आपलं ठिकाण कळवतात. तरी रोहितला यंत्र बसवायचं तर आधी तो कुणीतरी हातात धरावा लागतो, आणि ते काम कुठलंही यंत्र करत नाही.

म्हणून मला वाटतं, या इतिहासातलं देणं अजून फिटलेलं नाही. ग्रंथांवर नावं शास्त्रज्ञांची आली, ती यायलाच हवी होती. पण ज्यांच्या बोटांवर हा सगळा डोलारा उभा राहिला त्या मीरशिकारांतले एक-दोन सोडले तर कुणाचं नाव छापलं गेलं नाही. रोजंदारीच्या कागदावर अंगठा, एवढीच त्यांची सही. आपल्याकडचे फासेपारधी तर 1871 च्या कायद्यानं सुरू झालेल्या गुन्हेगारीच्या शिक्क्याखाली 1952 पर्यंत होते. तितराची वाट आणि वेळ त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक? विदर्भात तणमोराच्या संवर्धनासाठी पारधी तरुणांचं हे ज्ञान वापरलं जातंय, ते मोजक्या शहाण्या कामांपैकी एक. मीरशिकारांची पुढची पिढी हा धंदा धरणार नाही, त्यात पोट भरत नाही. उद्या केंद्रं असतील, निधी असेल, उपग्रह असतील आणि पक्षी इजा न करता धरणारा हात नसेल, अशी वेळ येऊ शकते. या विद्येला पगाराचं पद आणि शिकवणीचं दालन मिळालं पाहिजे. एवढं तरी सोसायटीसारख्या संस्थांनी आणि वनखात्यांनी आता करावं.

आणि वाचकाला एक सांगणं, सॉर्टर म्हणून. कडं असलेला पक्षी जिवंत दिसला तर त्याला धरू नका, लांबून फोटो घ्या आणि क्रमांक वाचा. मेलेला सापडला तर कडं सरळ करून क्रमांक आणि त्यावरची सगळी अक्षरं उतरवून घ्या. तारीख, गाव, जवळचं पाणी लिहा. कसा सापडला तेही लिहा: तारेला अडकला, मांजरानं धरला, की कुणी मारला. मारला असेल तर ते लपवू नका, हवं तर नाव घालू नका. गेल्या सव्वाशे वर्षांत पक्ष्यांच्या वाटांबद्दल आपल्याला जे कळलं ते खरं कळलं, याचं एक कारण असं की मारणाऱ्यांनी मारला असंच लिहिलं. पत्ता अपुरा आहे म्हणून थांबू नका. 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, मुंबई' एवढं लिहिलं की पुरे, पुढचं खात्यावर सोडा.